करंजाचं तेल, विहिरीवरचं इंजिन आणि चिमूटभर धातू

वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालवण्याबद्दलचे भारतीय शोधनिबंध वाचायला घेतले, तर थोड्याच वेळात एक गंमत लक्षात येते. तेल कुठलंही असो, करंजाचं, मोगली एरंडाचं, सरकीचं किंवा महुआचं. कॉलेज तामिळनाडूतलं असो की कर्नाटकातलं. इंजिनाचं वर्णन आलं की पुन्हा पुन्हा तेच वाक्य भेटतं. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, किर्लोस्कर बनावटीचं, ५.२ किलोवॅट, मिनिटाला १५०० फेरे. पुष्कळदा चाचणीचा सगळा संचही सांगलीच्या अपेक्स इनोव्हेशन्सचा असतो. म्हणजे नॅनो कण आणि बायोडिझेल असा भारदस्त विषय असला, तरी मुळाशी आहे आपलंच ते ठुक ठुक करणारं इंजिन!

आमच्या नेरच्या शिवारात (नेर म्हटलं की लोकांना धुळ्याकडचं नेर आठवतं, म्हणून सांगतो, हे यवतमाळ जिल्ह्यातलं नेर परसोपंत) विहिरीवर असायचं ते पाच हॉर्सपॉवरचं, पण खानदान तेच. वरचा खटका उचलायचा, हँडल मारायचं, वेग आला की खटका सोडायचा. आमच्या थोरल्या काकांचं त्याच्याबद्दलचं मत एका वाक्यात होतं, "त्याले काय कयते? तेल टाका, पानी द्या अन् चालू करा." डिझेल मिळालं नाही तर रॉकेल मिसळून चालवणारे लोक होते. इंजिन कुरकुरायचं, काळा धूर सोडायचं, पण पाणी ओढायचं.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे नेरहून भाच्याने विचारलेला प्रश्न. "मामा, हे नॅनोवालं औषध टाकू का टॅक्टरात? मायलेज वाढते म्हणते." त्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं. पण ह्या चिमूटभर औषधामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय उत्तर पटणार नाही असं वाटलं. म्हणून हा लांबलचक लेख. नातेवाईक मंडळींनी चहा घेऊन बसावं.

सुरुवात पॅरिसहून करू. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं नीट चालणारं इंजिन १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्गला तयार झालं. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन मांडलं, ते भुईमुगाच्या तेलावर चालत होतं. बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आलं म्हणे, कारण इंजिनात कसलाही बदल केलेला नव्हता. ही कल्पना फ्रेंच सरकारची. आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकत होता, तिथे बाहेरून कोळसा किंवा खनिज तेल न नेता तिथल्याच तेलावर यंत्रं चालावीत, असा हिशेब होता. डिझेलने स्वतः १९१२ मध्ये ही हकीकत सांगितली आणि पुढे कधीतरी वनस्पती तेलाला खनिज तेलाइतकंच महत्त्व येईल असंही म्हटलं. दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर १९१३ मध्ये, इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. मग खनिज तेल स्वस्त होत गेलं आणि इंजिन त्या पातळ तेलाला सरावलं. नाव मात्र त्याचं राहिलं. गंमत अशी, की आज आपण ज्याला डिझेल म्हणतो ते त्या इंजिनाच्या अनेक खाद्यांपैकी फक्त एक होतं.

वनस्पती तेलाची खरी अडचण घट्टपणाची. करंजाचं तेल डिझेलच्या जवळजवळ दहापट घट्ट असतं. नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, मोठे थेंब पडतात, ते अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडाशी काजळी धरते, रिंगा चिकटतात. पहिले काही तास इंजिन छान चालतं आणि मग मिस्त्रीला बोलवावं लागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खनिज तेलाची ओढाताण झाली तेव्हा भारतातही आपल्या तेलांवर डिझेल इंजिन चालवण्याचे प्रयोग झाले. १९४२ साली ते प्रसिद्धही झाले. युद्ध संपलं, डिझेल मिळू लागलं, विषय मागे पडला.

घट्टपणावरचा उपाय त्याआधीच सापडला होता. १९३७ मध्ये ब्रुसेल्स विद्यापीठातल्या जी. शावान यांनी पाम तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून त्याचं पातळ इंधन बनवण्याचं पेटंट घेतलं. १९३८ मध्ये ब्रुसेल्स ते लुव्हें मार्गावर त्या इंधनावर प्रवासी बस धावली. हीच बायोडिझेलची रीत. आज तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालतात, तेलाच्या मोठ्या रेणूचे तुकडे होतात. वर पातळ इंधन, खाली ग्लिसरीन. १०० किलो तेलाला साधारण १० किलो मिथेनॉल लागतं आणि तितकंच ग्लिसरीन निघतं. करंजाच्या तेलात आम्ल जास्त असलं तर आधी आम्लाची एक पायरी करावी लागते, नाहीतर साबण होतो.

ही दुरुस्ती खरोखर चांगली होती. तेल पातळ झालं, नोझल वाचलं. शिवाय बायोडिझेलमध्ये वजनाच्या दहा-अकरा टक्के प्राणवायू असतो, म्हणून ते स्वच्छ जळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये मोठ्या इंजिनांवरच्या पुष्कळ चाचण्या एकत्र करून आकडे काढले. शुद्ध बायोडिझेलवर धुरातले कण ४७ टक्क्यांनी कमी, कार्बन मोनॉक्साइड ४८ टक्क्यांनी कमी, न जळलेले हायड्रोकार्बन ६७ टक्क्यांनी कमी. पण नायट्रोजनची ऑक्साइडं १० टक्क्यांनी जास्त. आणि लिटरमागे ताकद डिझेलपेक्षा आठ-दहा टक्के कमी. म्हणजे एक भोक बुजवलं की दुसरीकडे थोडं गळायला लागतं.

मग आला आपल्याकडचा बायोडिझेलचा हंगाम. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के बायोडिझेल घालून चालवून पाहिली. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला: २०११-१२ पर्यंत १ कोटी १२ लाख हेक्टरवर जेट्रोफा, म्हणजे आपला मोगली एरंड, लावायचा आणि डिझेलमध्ये २० टक्के मिसळायचा. राष्ट्रपती अब्दुल कलाम त्याचे मोठे पुरस्कर्ते होते. २००४ मध्ये पुण्यात गाड्या बनवणाऱ्या डेमलर-क्रायस्लरच्या मर्सिडीज गाड्या भावनगरच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेल्या जेट्रोफा बायोडिझेलवर ५,९०० किलोमीटर धावल्या. बांधावरच्या ज्या झाडाला बकरीही तोंड लावत नाही, त्याच्यावर मर्सिडीज चालली! तेव्हाच्या वर्तमानपत्रांत पडीक जमिनीतून सोनं निघणार असा सूर होता.

तसं काही झालं नाही. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय, झाड जगतं हे खरं, पण जगणं वेगळं आणि बिया देणं वेगळं. हे कोरडवाहू कापूस करणाऱ्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती. उत्पन्न अहवालातल्या अपेक्षेच्या जवळपासही गेलं नाही. सरकारी तेल कंपन्यांनी २००६ पासून जो भाव देऊ केला, लिटरला साधारण पंचवीस-सव्वीस रुपये, तो कारखान्याला परवडत नव्हता, मग कारखाना शेतकऱ्याला काय देणार? २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के असं लिहिलं होतं. २०१८ च्या धोरणात ते २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आलं. पेट्रोलमधलं इथेनॉल २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचलं, बायोडिझेल मात्र एक टक्क्याच्या आतबाहेरच घुटमळत राहिलं. उसाला कारखाना होता, भाव होता, राजकारण होतं. मोगली एरंडाला काय होतं?

एक अपवाद मला फार आवडतो आणि तो आपल्यापासून फार लांब नाही. पैनगंगा ओलांडली की तेव्हाचा आदिलाबाद जिल्हा (आता तेलंगणात). तिथल्या पॉवरगुडा नावाच्या आदिवासी वस्तीतल्या बायकांच्या गटाने करंजाच्या बिया गोळा करून स्वतः तेल काढायला सुरुवात केली. २००३ मध्ये जागतिक बँकेने त्यांच्याकडून १४७ टन कार्बनची बचत विकत घेतली आणि ६४५ डॉलर दिले. रक्कम छोटी, पण लक्षात घ्या: झाड तिथलंच, जंगलातलं, नवीन लागवडीचं कर्ज नाही; तेल गावात; ढेप शेतात खत म्हणून; आणि पैसा बायकांच्या हातात. करंजाला आपण असंही ओळखतोच. दिव्यात घालायचं, खरजेवर लावायचं कडू तेल. त्याच्या शेंगेकडे पाहिलं की दिवाळीच्या फराळातली करंजी आठवते. हे झाड शेंगवर्गातलं असल्यामुळे जमिनीत नत्रही धरतं. अर्थात चारेक किलो बिया वेचल्या, फोडल्या, घाण्यात घातल्या, की लिटरभर तेल हाती येतं. उन्हाळ्यात ते वेचणाऱ्या हातांची मजुरी सुटणार की नाही, हा खरा प्रश्न.

आता येऊ नॅनोकडे.

नॅनो कण म्हणजे इतका बारीक, की आपल्या केसाच्या जाडीत असे हजारो कण शेजारी शेजारी बसतील. बायोडिझेलमध्ये जे कण घालून पाहिले गेले त्यातलं मुख्य नाव सिरियम ऑक्साइड. सिरियम परकं वाटतं, पण सिगारेट लायटरमध्ये ठिणगी पाडणारी चकमक असते तिच्यात तेच असतं. त्याच्या ऑक्साइडचा गुण असा, की ते गरजेला प्राणवायू देतं आणि जास्त झाला की परत घेतं. उसनवार करणाऱ्या शेजारणीसारखं. सिलिंडरमध्ये जिथे काजळी जळायला प्राणवायू कमी पडतो तिथे ते देतं, जिथे नायट्रोजनची ऑक्साइडं होतात तिथून काढून घेतं. म्हणजे बायोडिझेलचं जे भोक उरलं होतं तेच बुजवायचा हा प्रयत्न.

२०१० मध्ये एनआयटी कालिकतचे व्ही. साजित आणि सी. बी. सोभान आणि अमेरिकेतले जी. पी. पीटरसन यांनी जेट्रोफाच्या बायोडिझेलमध्ये २० ते ८० पीपीएम सिरियम ऑक्साइड घालून एका सिलिंडरच्या इंजिनावर चाचण्या केल्या. न जळलेले हायड्रोकार्बन २५ ते ४० टक्क्यांनी कमी झाले, नायट्रोजनची ऑक्साइडं जास्तीत जास्त ३० टक्क्यांनी कमी झाली. इंजिनाची कार्यक्षमता वाढली ती दीड टक्का. त्रिची एनआयटीत साधिक बाशा आणि आर. बी. आनंद यांनी ॲल्युमिनाचे कण आणि कार्बनच्या नॅनोनळ्या वापरून पाहिल्या. हुबळीला एन. आर. बनापूरमठ आणि सहकाऱ्यांनी होंगेच्या, म्हणजे आपल्या करंजाच्याच, बायोडिझेलमध्ये कार्बनच्या नॅनोनळ्या घातल्या. त्यानंतर अशा निबंधांचा महापूरच आला. दिशा बहुतेकांची सारखी: धूर कमी, ज्वलन जरा चांगलं, कार्यक्षमता किंचित वर.

मग हे बाजारात सगळीकडे का नाही? बाजारात तर ते आधीच येऊन गेलं होतं. इंग्लंडच्या ऑक्सोनिका कंपनीने सिरियम ऑक्साइडचंच एक डिझेल औषध काढलं होतं. तिथल्या स्टेजकोच कंपनीच्या बसगाड्यांवर ते २००३ नंतर वापरलं गेलं आणि इंधनात पाच टक्के बचत झाल्याचं सांगितलं गेलं. पण २००७ मध्ये तुर्कस्तानातला मोठा सौदा फिसकटला, कारण तिथल्या चाचण्यांत अपेक्षित बचत दिसली नाही. प्रयोगशाळेतलं इंजिन एका वेगावर, मोजलेल्या भारावर, स्वच्छ इंधनावर काही तास चालतं. रस्त्यावरचं आणि शेतातलं तसं चालत नाही. शिवाय कण तळाशी बसतात. प्रयोगशाळेत ते ध्वनिलहरींनी घुसळून, वर साबणासारखं द्रव्य घालून तरंगत ठेवतात. ट्रॅक्टरच्या टाकीत सुगी संपल्यावर दोन महिने उभं राहिलेलं डिझेल कोण घुसळणार?

मला खरा वाटणारा प्रश्न मात्र ह्याच्यापुढचा आहे. धातू जळून नाहीसा होत नाही. ५० पीपीएम म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे ५० मिलिग्रॅम. २० लिटरच्या टाकीमागे एक ग्रॅम. वर्षाला हजार लिटर डिझेल जाळणारा ट्रॅक्टर ५० ग्रॅम धातूची भुकटी कुठेतरी सोडणारच. कुठे? २००० साली प्यूजो कंपनीने सिरियमचं औषध आपल्या गाड्यांत आणलं, तेव्हा धुराच्या वाटेवर कण अडवणारी गाळणी होती. औषध त्या गाळणीतली काजळी लवकर जळावी म्हणूनच होतं आणि सिरियमची राख त्या गाळणीतच अडकत होती. आपल्याकडे एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत अशी गाळणी आली. ट्रॅक्टरांचे कडक नियम जानेवारी २०२३ पासून लागू झाले, पण ५० हॉर्सपॉवरच्या वरच्यांनाच. नेरच्या शिवारात फिरणारे बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या खालचे. त्यांना गाळणी नाही. सायलेन्सर बॉनेटवर उभा, आणि वारा समोरून आला की धूर थेट चालवणाऱ्याच्या तोंडावर.

इथे दोन जुन्या गोष्टी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात.

पहिली आपल्याच घरची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. ती भीती खोटी ठरली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९४६ मध्ये शंतनुरावांनी पुण्याला खडकीत ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. तेच हे आपलं विहिरीवरचं आणि प्रयोगशाळेतलं इंजिन.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. १९२१ मध्ये थॉमस मिजली या इंजिनिअरला सापडलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं की इंजिनाची खडखड थांबते. १९२३ पासून ते विकायला आलं. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार दगावले, तरी थांबलं नाही. जगभरच्या मुलांच्या रक्तात शिसं गेलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. चिमूटभर औषधाला जवळजवळ शंभर वर्षं.

सिरियम म्हणजे शिसं नाही, हे स्पष्ट सांगतो. तशी तुलना करून कोणाला घाबरवायचं नाही. पण नांगराच्या वेळी लोकांनी विनाकारण भीती धरली आणि शिशाच्या वेळी विनाकारण विश्वास ठेवला. दोन्ही वेळा इंजिन किंवा औजार उत्तम काम करत होतं, त्यावरून काहीच कळत नव्हतं. उत्तर मिळायला जमीन तपासावी लागली, रक्त तपासावं लागलं. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने निश्चितपणे जाहीर केलं तेही २०१२ मध्ये, इंजिन जन्मून शंभरावर वर्षं झाल्यावर. नॅनो कणांवरच्या बहुतेक निबंधांत इंजिनाची प्रत्येक नाडी मोजलेली असते. सीटवर बसलेल्या माणसाची नाही.

आणि आणखी एक. घट्ट तेल पातळ केलं, पातळ तेलात धातू घातला, धातू बसू नये म्हणून साबण घातला... सव्वाशे वर्षं आपण इंधन दुरुस्त करत आलो. ही माणसं हुशार आहेत, कामही प्रामाणिक आहे, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण आपल्याकडे बायोडिझेल अडलं ते नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर नाही. ते अडलं बियांच्या भावावर आणि बिया वेचणारीच्या मजुरीवर. ते भोक बुजवणारा नॅनो कण अजून कोणी काढलेला नाही. मधल्या काळात विहिरींवरून ते ठुक ठुक इंजिनही उतरत चाललंय, विजेचे आणि आता सौर पंप येतायत. ट्रॅक्टर, ट्रक आणि एसटी मात्र अजून बराच काळ डिझेलच पिणार.

तर भाचेबुवा, उत्तर असं. चाचणी झालेलं, मानकात बसणारं बायोडिझेल पंपावर थोडं मिसळून मिळालं, तर खुशाल घाल, ट्रॅक्टरला काही होत नाही. बाटलीतलं नॅनो औषध घालू नकोस. दीड टक्क्याच्या बचतीसाठी नाकासमोर धातू उडवायचा नाही. त्यापेक्षा नोझल तपासून घे, एअर फिल्टर साफ कर, टायरात हवा नीट ठेव. बचत त्यातही आहे आणि मिस्त्री गावातच आहे.

आणि बांधावरचा करंज तोडू नकोस. तेलाचं पुढे काय व्हायचं ते होवो, सावली आणि नत्र तो आजही देतोच आहे.